अक्कांच्या नववीचा न आलेला निकाल

अध्यक्ष महोदय, संस्थेचे संचालक मंडळ, अक्कांचे भाऊ-भावजय, त्यांच्या लेकी, आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी गणिताचा मास्तर. फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय असलेला माणूस. आज तुमच्याकडं तोंड करून उभा आहे आणि काय बोलावं ते सुचत नाही. मघाशी नाव पुकारलं तेव्हा वाटलं, हात जोडावेत आणि खाली बसावं. विमल अक्का गेल्या, एवढंच वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नाही, तर पुढचं काय बोलू?

पण बसता येत नाही. माझ्याआधी बोललेल्या एका मान्यवरांनी सांगितलं की, अक्कांनी आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या कामात भाग घेऊन जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, शोकसभा आहे म्हणून. एरवी वाजवल्या असत्या. मंडळी, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, ते त्यांनी बोलून दाखवलं. पण त्या परीक्षेत मी अक्कांच्या शेजारी उभा होतो. काय झालं ते मला माहीत आहे. आणि अक्का होत्या तोवर त्यांनी मला बोलू दिलं नाही. "राहू द्या भाऊ," म्हणायच्या, "पोरांना नोकऱ्या करायच्यात, तुम्हालाही करायचीय." आता त्या अडवायला नाहीत. म्हणून बोलतो.

इथं दोंडाईच्यात तुम्ही अक्कांना चित्रकला आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या बाई म्हणून आधी ओळखलंत, विज्ञानाच्या बाई म्हणून नंतर. त्याआधी आम्ही दोघं साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, संस्थेच्या छोट्या हायस्कूलमध्ये होतो. मी यावलकडचा, केळीच्या मुलखातला. पाऊस पडला तर पीक, नाही तर नाही, अशा गावात मी पहिल्यांदाच राहत होतो. तिथली बोली मला कळायची नाही. पहिल्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, बठ्ठा उनात." मी अक्कांकडं बघितलं. त्या हसून म्हणाल्या, "सगळे आलेत म्हणतोय. हजेरी घ्या." धुळ्याच्या शेतकऱ्याची लेक होती ती. वर्गात पुस्तकातलं मराठी आणि वर्गाबाहेर पोरांची अहिराणी, दोन्ही तिच्या तोंडात सारखीच गोड.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक लोहचुंबक, थोड्या परीक्षानळ्या आणि एक फुटकं भिंग. अक्कांनी त्या कपाटाला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, इतकं जपायच्या.

अशात आमच्या शाळेचं नाव निघालं. सरकारनं ठरवलं होतं की, कितीतरी देशांतल्या चौदा वर्षांच्या मुलांची गणिताची आणि विज्ञानाची एकच परीक्षा होणार आहे, तिच्यात आपला देशही भाग घेणार. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या होत्या. शहरातल्याही, खेड्यातल्याही. चिठ्ठीत आमची शाळा आली, आणि आमची नववी आली. अख्खा वर्ग. निवडून चार हुशार पोरं बसवायची नाहीत, असा नियमच होता.

धुळ्याला प्रशिक्षण झालं. मी आणि अक्का दोघं गेलो. एक मोठे साहेब आले होते. फार चांगलं बोलले. म्हणाले, "ही परीक्षा मुलांना पास-नापास करायची नाही. देशाला स्वतःकडं बघायचं आहे. निकाल वाईट आला तरी घाबरू नका. उलट सरकारला कळेल, कुठं शिक्षक कमी, कुठं साहित्य कमी. जिथं कमी तिथं देऊ." सगळे माना डोलावत होते. अक्का उठल्या. मोठ्या सभेत उठायची त्यांची पद्धत नव्हती, पण उठल्या. म्हणाल्या, "साहेब, मुलांना कळवाल का त्यांचं काय झालं ते?"

साहेब म्हणाले, "प्रत्येक मुलाचं नाही, पण तुमच्या शाळेचं जरूर कळवू. हा सरकारचा शब्द आहे."

सरकारचा शब्द. येताना एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. कुसुंबा मागं गेल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आजवर आपल्याकडं सगळे सांगायला आले. विचारायला पहिल्यांदा कुणी येतंय." चेहरा असा झाला होता, जणू माहेरहून निरोप आलाय.

अडचण एवढीच की, परीक्षेच्या दिवसांत गावात भुईमूग काढणी होती. निम्मी नववी शेतात. मुलींचं तर विचारूच नका. आणि नियम असा की, अख्खा वर्ग हवा. अक्का घरोघर फिरल्या. मी सोबत असायचो, पण बोलायच्या त्या.

दगा आबांच्या शेतावर गेलो ते मला स्पष्ट आठवतं. आबांची मंगल नववीत होती. बोटांना माती, आणि शेंगा उपटता उपटता आमच्याकडं चोरून बघत होती. आबा म्हणाले, "बाई, परीक्षा कसानी? पास व्हयनी ते काय भेटी?"

अक्का म्हणाल्या, "काही भेटणार नाही आबा. पण तिची परीक्षा जपानच्या पोरीबरोबर होणार आहे. तुमच्या पोरीला आम्ही नीट शिकवतो का नाही, ते कळेल."

"आनि कळनं ते आम्हले कोन सांगी?"

"मी सांगते ना."

"तुम्ही सांगशात?"

"मी सांगते. माझा शब्द."

हे बोलता बोलता अक्का खाली बसल्या, पदर खोचला आणि शेंगा उपटायला लागल्या. आबांना हसू आलं. म्हणाले, "उठा बाई, उठा. पोरीले धाडस मी." म्हणजे, पाठवतो.

मंडळी, त्या घटकेला सगळं ठरलं. तेव्हा मला ते कळलं नाही. सरकारनं धुळ्याला शब्द दिला होता, तो अक्कांनी बांधावर बसून आपल्या नावावर घेतला. गावातल्या प्रत्येक घरी तो त्यांनी असाच दिला. "मी सांगते ना." लोकांनी पोरं कुणाच्या भरवशावर पाठवली? सरकारच्या? सरकार त्या गावात कुणी बघितलं होतं? बाईंच्या भरवशावर पाठवली.

परीक्षेच्या थोडं आधी, एका शनिवारी, शाळा सुटताना जीप आली. खात्याचे एक साहेब होते. मी त्यांचं नाव घेणार नाही. ते आता निवृत्त आहेत, आणि त्यांना हुकूम कुणाचा होता ते मला माहीत नाही. त्यांनी मला आणि अक्कांना ऑफिसात बोलावलं. दार लोटून घेतलं. म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या नववीला सुट्टी द्या. आम्ही शहरातून मुलं आणतो गाडीनं. पेपरवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कुणाला काही कळायचं नाही."

अक्कांना आधी समजलंच नाही. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलांच्या क्रमांकावर दुसरी मुलं?"

"बाई, देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. बाहेरच्या देशांची मुलं बसणार या परीक्षेला."

"बसू द्या ना. माझीही बसतील."

"तुमची मुलं काय लिहितील ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे."

तेव्हा अक्का म्हणाल्या, आणि आवाज अजिबात चढवला नव्हता, "साहेब, तेच तर विचारायला आलेत ना ते? आणि माझी मुलं या देशाची नसतील, तर कोणत्या देशाची आहेत तेवढं लिहून द्या. मी त्यांना तसं सांगते."

साहेब उठले. चहा तसाच राहिला. जाताना मला म्हणाले, "तुम्ही तरी समजवा यांना." मी काय समजवणार? मी अक्कांच्या मागं उभा होतो. पण खरं सांगू, त्या दिवशी मास्तर असल्याचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

परीक्षा झाली. आमच्याच नववीनं दिली. बठ्ठा उनात! एकही घरी राहिला नाही. प्रश्न कुठल्या तरी परक्या मुलखातले, मराठीत आणलेले. एका प्रश्नात चित्र होतं, बर्फावर एक माणूस लोखंडी पात्यांचे बूट घालून घसरतोय. मंगलनं हात वर केला. "बाई, हाऊ मानूस बर्फवर काय करी राहिना?" वर्ग हसला. मलाही हसू आवरेना. अक्का मात्र ओठ घट्ट मिटून उभ्या. नियमाप्रमाणे एक अक्षर सांगायचं नव्हतं. मंगलनं थोडा वेळ वाट बघितली, मग मान खाली घातली आणि आपल्या मनानं काहीतरी लिहिलं. विहिरीच्या चाकावर पण एक प्रश्न होता, तो मात्र पोरांनी भराभरा सोडवला. पेपर पाकिटात घालून, लाख लावून, आमच्यासमोर गाडीत गेले.

संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "भाऊ, मंगलला सांगायचा फार मोह झाला हो. पण सांगितलं असतं तर तो पेपर तिचा राहिला नसता."

हे लक्षात ठेवा. एक शब्दही न सांगणारी बाई होती ती.

मग वाट बघणं सुरू झालं. पोरं रोज विचारायची. प्रार्थना झाली की विचारायची, मधल्या सुट्टीत विचारायची. "बाई, आम्हना नंबर कितवा उना?" अक्का धुळ्याला जाऊन यायच्या. पेपर पुण्याला गेलेत. पेपर दिल्लीला गेलेत. बाहेरच्या देशात तपासतात, वेळ लागतो. दर वेळी नवं गाव. आमची मुलं नववीतून दहावीत गेली, आणि पेपरांचा प्रवास संपेना.

आणि एके दिवशी शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, लहानशी बातमी. आपला देश या परीक्षेतून माघार घेत आहे. निकाल जाहीर होणार नाहीत. कारण काय, तर काही ग्रामीण केंद्रांवर परीक्षा नियमानुसार झाली नाही, त्यामुळं पेपर भरवशाचे नाहीत.

ग्रामीण केंद्रांवर! अक्कांनी बातमी वाचली, मला दिली, आणि तासाला गेल्या. मला वाटलं, दुसरी कुठली केंद्रं असतील. पण पुढच्याच आठवड्यात चौकशीचं बोलावणं आलं. आम्हाला. ज्या शाळेनं मुलं बदलायला नकार दिला, त्या शाळेला. त्या यादीत आमचं नाव कुणी घातलं, मला ठाऊक नाही. अंदाजानं कुणावर बोट ठेवणं मला जमत नाही. पण ज्यांनी घातलं, त्यांना खरं काय ते माहीत होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

धुळ्याला टेबलापलीकडं नवे साहेब होते. त्यांनी अक्कांना विचारलं, "तुम्ही मुलांना उत्तरं सांगितलीत का?"

अक्का म्हणाल्या, "सांगितली असती तर निकाल चांगला आला असता. दाखवा ना तो निकाल. तुम्हालाही कळेल, मलाही कळेल."

"निकाल गोपनीय आहे."

"माझ्या मुलांचा निकाल माझ्यापासून गोपनीय?"

साहेबांनी कागद फिरवला आणि म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

बस्स. एवढीच चौकशी. दोष सिद्ध झाला नाही, कारण तो सिद्ध करायचाच नव्हता. नुसता असू द्यायचा होता. संस्थेवर दबाव आला. संचालक मंडळातली जुनी मंडळी इथं समोर बसली आहेत, ती जाणतात. मी आज त्यांना जाब विचारत नाही. पण त्यांनी आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं की, बाई, काय झालं होतं? विचारलं नाही. अक्कांची बदली इथं झाली. आणि विज्ञानाच्या बाईंना चित्रकला आणि कार्यानुभव दिला. कागदाची फुलं करायला शिकवा म्हणाले. त्यांनी शिकवली. चांगली शिकवली.

गाव सोडायच्या दिवशी सकाळी अक्का म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगून येते." मी म्हटलं, "काय सांगणार? पत्र पाठवू." म्हणाल्या, "शब्द तोंडानं दिला होता, भाऊ." परत घरोघर फिरल्या. निकाल येणार नाही, का येणार नाही ते मला सांगता येत नाही, पण तुमच्या पोरांनी काही खोटं केलेलं नाही. एवढंच सांगायच्या. बहुतेकांनी ऐकून घेतलं. कुणी पाणी दिलं, कुणी वाटेसाठी शेंगा दिल्या.

दगा आबा अंगणात उभे होते. गावात एव्हाना बातमी पोचली होती, आपल्या शाळेत काहीतरी लबाडी झाली म्हणून. आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, सरकार खोटं बोलस, ते आम्हले माहीत शे. त्यानं आम्हले काई वाटत नही. पन तुम्ही कसाले खोटं बोलनात?"

मंगल दारात उभी होती. ती आत गेली.

अक्कांनी हात जोडले. आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. बस दिसली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भाऊ, आबांना काय सांगायला हवं होतं?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं का?

लोक म्हणतील, एवढं काय? नोकरी गेली नाही, पगार बंद झाला नाही. पुढं मलाही इथं घेतलं, काही वर्षांनी अक्कांना विज्ञानही परत मिळालं. त्यांच्या हाताखालची मुलं आज दीपनगरला वीज केंद्रात आहेत, दवाखान्यात आहेत, शाळांत आहेत. खरं आहे. पण मी त्यांना आधी ओळखत होतो ना. पूर्वीच्या अक्का दिवसातून दहादा म्हणायच्या, "मी सांगते ना." पोराचं घरचं भांडण असो, फी असो, आजार असो. "मी सांगते ना, होईल." इथं आल्यावर ते शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. इथं म्हणायच्या, "बघू." तुम्ही विद्यार्थी त्यांची नक्कल करताना हेच करता, मान तिरपी करून "बघू." मला त्या नकलेवर कधी हसू आलं नाही. बाईंचं काय घेतलं गेलं, ते त्या एका शब्दात मला रोज ऐकू यायचं.

दोन वर्षांमागं एक तरुण अधिकारी शाळेत आले. पुन्हा तसलीच काही चाचणी घ्यायचा विचार होता. अनुभवी म्हणून अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "मुलं बसवते. वर्ग पूर्ण बसवते. पण निकाल सांगायला तुम्ही स्वतः या. या फळ्यासमोर उभे राहा आणि मुलांना सांगा. माझा शब्द मी आता देणार नाही." ते म्हणाले, "वरती विचारून कळवतो." त्या जिवंत असेतोवर काही कळलं नाही.

मित्रहो, नापास होण्याची लाज आमच्या पोरांना नव्हती. आमची पोरं नापास होऊन शेतात जातात, पुन्हा फॉर्म भरतात, पुन्हा बसतात. जपानच्या पोरीपुढं आपली मंगल कमी पडली, एवढंच कळलं असतं ना? त्यात काय मोठं? अक्कांनी दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं असतं आणि शिकवायला लागल्या असत्या. पण आमची पोरं किती कमी पडतात, हे जगाला कळू नये म्हणून ज्यांनी पेपर दडपले, त्यांना पोरांची लाज वाटली. स्वतःची नाही वाटली. पोरांची वाटली. हे मला सोसत नाही.

आता एकच सांगतो आणि थांबतो.

काल नदीकाठी अक्कांना निरोप दिला. गर्दी पांगली तेव्हा एक म्हातारा माणूस लांब, बाभळीखाली उभा दिसला. सोबत एक बाई, कडेवर मूल. जवळ गेलो तर दगा आबा. आणि मंगल. तिला सासरी बातमी कळली, ती माहेरी गेली आणि बापाला घेऊन एसटीनं आली. आबांना आता नीट दिसत नाही. माझ्या आवाजावरून ओळखलं.

म्हणाले, "सर, एक इचारू? बाईले कळनं व्हतं ना, नंबर कितवा उना ते?"

मी म्हटलं, "नाही आबा. शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी खूप विचारलं. त्यांना कुणी सांगितलं नाही."

"काहीच नही?"

"काहीच नाही."

मंगलनं आबांचा हात धरला. आबा म्हणाले, "माले वाटे, बाईले माहीत शे, आनि बाई लपाडी राहिनी. इतला वरीस मी तेच समजनू. मंग बाई बी आम्हनासारखीच फसनी व्हती. आनि मी तिलेच बोलनू."

अक्का, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. एक दिवस आधी. एकच दिवस.

मंडळी, आबा इथं आहेत. डावीकडं, खिडकीजवळ. बघू नका त्यांच्याकडं, ते अवघडतील. आता आपण सगळे उभे राहू आणि विमल अक्कांसाठी शांत राहू. घड्याळ कुणी लावू नका. आबा जेव्हा खाली बसतील, तेव्हा आपण बसू.

अक्का, तुमच्या नववीचा नमस्कार.